लाल बाजू

कपाडियानगरच्या कोपऱ्यावर
इद्रिस डॅशबोर्डखाली उताणा,
पाय रस्त्यावर, दातांत टॉर्च.
ग्लव्हबॉक्स माझ्या हातात:
पीयूसी, विक्स, चष्म्याचं रिकामं घर.

तीन स्क्रू. तिसरा गंजलेला, शिव्या खाऊन सुटला.
ब्लोअर निघाला. पंख्यात चिंचेचा पाला,
उंदरानं कातरलेली
खालापूरची टोलपावती.

"आवाज कधीपासून?"
मार्चपासून, म्हटलं.
तो किरकिरायचा तोवर
आम्हाला बोलावं लागत नसे.

नवी मोटर बसली. चारवर ठेवली तरी
नुसता वारा.
इद्रिसनं बटण लाल बाजूला फिरवलं,
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
जुन्या धुळीची ऊब आली तोंडावर.
"हीटर पण चालू आहे की," तो हसला,
"मुंबईत काय करणार त्याचं?"

कलानगरला श्रीरंग गाडीत बसला.
काचा वर.
त्याचं घड्याळसुद्धा ऐकू येत होतं.