दोनशे एकवीसमध्ये एकदा

बँकेच्या फॉर्मवर ‘व्यवसाय’ आला
की माझा पेन थांबतो.
औसा रोडच्या शाखेतली बाई म्हणाली,
शेती लिहा की, सगळेच लिहितात.
मी लिहिलं : खासगी.

आधी शिकवणी घ्यायचो.
लातुरात, तिसऱ्या मजल्यावर, पत्र्याखाली
एकशे साठ पोरं आणि संभाव्यतेचं प्रकरण :
एका पिशवीत पाच लाल, तीन निळे चेंडू.
पिशवीत हात मात्र कुणी घातला नव्हता.
पोरं उत्तर बरोबर काढायची,
डॉक्टर व्हायची, पेढे आणून द्यायची.
मला एकदा वाटलं,
हात घालून बघू.

त्याला नऊ वर्षं झाली.
आई गल्लीत सांगते, आमचा मन्मथ कंपनीत आहे,
अमेरिकेची ड्यूटी, रात्रपाळी.
तसं खोटंही नाही.
रात्री दहाला बसतो, चार टेबलं उघडून,
थर्मासात चहा, पायाशी कासवछाप.

लोकांना वाटतं, पोकर म्हणजे
छाती पुढं काढून सगळ्या चिप्स ढकलणं.
तसं रात्रीतून एखाद्या वेळी.
बाकी सगळी नोकरी पानं टाकण्याची.
गुलाम-सत्ती, टाक.
राणी-तिर्री, टाक.
बदामाची नव्वी-दुर्री, एका रंगातली, दिसायला देखणी,
टाक.
ज्याला कंटाळा सोसत नाही त्याचे पैसे
ज्याला सोसतो त्याच्याकडं सरकतात.
हळूहळू. सावली सरकते तसे.

पोळ्याच्या रात्री देवळामागं तीन पत्ती खेळणारे
नागोरावमामा मला बाजूला घेतात :
तुझं काय ते गणित हाय म्हणं, आमालाबी सांग.
मी म्हणतो, मामा, उठून घरी जा.
ते हसतात. त्यांना वाटतं, लपवतोय.

निलंग्याची सोयरीक आली होती.
मुलीच्या बापानं विचारलं, महिन्याला किती?
म्हणालो, सरासरी सांगू?
सरासरी नको, म्हणाले, पगार सांगा.
आतल्या खोलीत कुणीतरी हसलं.
त्या हसण्याचा हिशोब
मी अजून अधूनमधून करतो.

एक साल असंही गेलं.
एप्रिल ते दिवाळी, चूक एकही नाही,
आणि मोटारसायकल विकली.
एकेक डाव काढून तपासला, लाल पेनानं,
पेपर तपासायचो तसा.
सगळे बरोबर.
शेरा : उत्तम.
गुण : शून्य.

शेवटच्या पानाला रिव्हर म्हणतात.
जिंकता जिंकता माणूस तिथंच बुडतो.
गोव्याच्या बोटीवर एकानं मला विचारलं,
रिव्हरला इतका का घाबरतोस?
मी म्हणालो, मी मांजराकाठचा आहे.
आमच्याकडं नदी आहे असं धरून
कुणी काही लावत नाही.

परवाची गोष्ट.
पहाटेचे साडेतीन. दोन एक्के आले,
इस्पिकचा आणि चौकटचा.
दोनशे एकवीसमध्ये एकदा येतात.
समोर कुणी ‘राजाबाबू७७’,
त्यानं होतं नव्हतं ते सगळं लावलेलं.
माझं बोट बटणावर.
तेवढ्यात चारही टेबलं गोठली.
मागून आई :
नळ आलाय! काय करलालास रे आंधारात, पाइप धर!
बाराव्या दिवशी आला होता.
राउटरची पिन काढून
तिनं तिथं मोटारीची लावली होती.

मोबाइलवरून आत शिरेपर्यंत
माझे एक्के माझ्या वतीनं टाकले गेले होते.

पाच वाजेपर्यंत आम्ही भरत राहिलो,
दोन बॅरल, टाकी, हंडे, कुकरसुद्धा.
मी मनात आकडेमोड करत होतो
किती गेले.
आईनं बॅरलात डोकावून बघितलं :
गढूळ आलंय. तुरटी फिरव.

तुरटी फिरवली.
मग बॅरलाशेजारी बसलो, गाळ खाली बसायची वाट बघत.
वाट बघण्यात
माझा हात धरणारा
लातुरात कुणी नाही.