लाल बाटली

सुआमे मॅगझिनमध्ये गाडी सोडून घरी जाऊ नये,
हे कुमासीत पोराला चालता येण्याआधी सांगतात.
संध्याकाळी गाडी मिळते, नाही असं नाही,
पण आतली कुणाची, ते विचारू नये.

म्हणून मी माझी मीच करायचे सगळं.
चर्चमधून आले की लेसचा झगा खुंटीला,
नवऱ्याची जुनी विजार अंगाला,
ओपेल सिमेंटच्या ठोकळ्यांवर
आणि मी ओपेलखाली.
पुस्तिका डच. गाडीही तिकडचीच,
मागच्या काचेवर अजून कुठल्याशा फुलवाल्याचं नाव.
अक्षर लागत नव्हतं, चित्रं लागत होती.
पोटातलं मूल आडवं की उभं
हे नुसत्या तळव्याने सांगणाऱ्या बाईला
एक नट सापडू नये?

सापडला. काळं तेल पिवळ्या गॅलनमध्ये भळाभळा,
माझे हात कोपरापर्यंत बरबटलेले,
आणि कुंपणावरून शेजारीण :
काय सिस्टर, जुळं का?

फक्त जुन्या फिल्टरचं रबर वरच चिकटून राहिलं होतं.
त्यावर मी नवं आवळलं, रबरावर रबर,
आणि मामपाँगच्या चढावर सगळं तेल रस्त्याला पाजलं.
शहाणपण थेंबाथेंबाने गळत नाही.

दोरीने ओढत नेली मॅगझिनला, न्यार्को मास्टरच्या छपरात.
ड्यूटीवर नखं रंगवायची मनाई,
तरी बाटली पर्समध्ये असतेच.
बॅटरीवर एक लाल ठिपका, अल्टरनेटरवर एक,
हात पोचेल तिथे खाली, स्टार्टरवर एक.
मग समोरच्या बाकावर बसले.
सात तास.
शेंगदाणे खाल्ले, लघवी दाबून धरली.
शिकाऊ पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारत होती.
मास्टरने पाहिलं होतं, तो हसला नाही.

दिवे लागताना त्याने बॉनेट उघडलं
आणि एकेका ठिपक्यावर बोट ठेवत गेला,
हजेरी घ्यावी तसा.
म्हणाला, ‘स्टार्टर खरं तर संपलाय.
पण तुमची खूण होती,
मी हात लावला नाही.’

तीन महिने गाडी ढकलून चालू केली.

मग हरमाटनच्या धुळीत, एका रात्री,
कुणाच्या तरी टॅक्सीतून तोच उतरला, बायकोला धरून.
तिला मी आत घेतलं. त्याला बाक दाखवला.
दाराला काच आहे, काचेला पडदा.
मधून मधून बाहेर आले तर तिथेच,
हात धुतलेले, तरी नखांत ग्रीस,
आतला प्रत्येक आवाज कान लावून ऐकत,
इंजिन ऐकावं तसा.

पहाटे मुलगी झाली. दोन किलो नऊशे.
त्या रात्री वॉर्डात पाच जन्मली,
पाचही सारखीच सुरकुतलेली, सारखीच चिडलेली.
त्याने तिला उचललं नाही. माझ्याकडे वाकला,
अगदी हळू :
‘सिस्टर, ती बाटली आहे का?’

रागावता आलं असतं.
आमच्याकडे मनगटावर पट्ट्या असतात, रजिस्टर असतं,
माझी अठरा वर्षं आहेत, एकही चूक नाही.
पण बाकावर रात्र काढलेल्या माणसाला
हे कुठल्या तोंडाने सांगायचं?
मी बाटली काढली.
टाच सोललेल्या शेंगदाण्यापेक्षा थोडी मोठी.
एक ठिपका लावला,
वाळेपर्यंत फुंकर घातली.
तो ती फुंकर मोजत उभा होता.

मार्चमध्ये स्टार्टर बदलायला गेले.
तेल आता मीच बदलते, आधी जुनं रबर बघून,
दोनदा बघून.
पण स्टार्टर हे माझं काम नाही.
बाटली पर्समध्ये होती. काढली नाही.
बाकावरून मात्र उठवेना.

तासाभराने एका पोराने कुठल्याशा मोडक्या टॅक्सीची सीट
आणून माझ्यापुढे टाकली.
‘मास्टर म्हणतात, बसायचंच आहे
तर नीट बसा.’

बसले. स्प्रिंग टोचत होती.