एका कानाचा टीव्ही

हारूनचाचा कुवेतहून पळून आला
तेव्हा त्याच्या पिशवीत दोन शर्ट होते
आणि जाड डायरीएवढा एक टीव्ही.
फ्रीज, गाडी, चार वर्षांचा पगार तिकडंच राहिला.
हा खिशातला म्हणून आला.

नायनानं तो साडेसातशेला घेतला, तीन हप्त्यांत.
अम्मा विड्या वळत होती,
सुपातनं मान वर न काढता म्हणाली,
"एवढ्या खिडकीतनं दिसतंय काय, माणसाचं नाक?"

खिशातला म्हणायचे, पण खिसा कुठल्या देशाचा?
शेवटी हत्तुरे टेलरनं शर्टाला
बेंबीपर्यंत खिसा लावून दिला.
साच्यावर नायना चालायचा तो डावीकडं कलून,
पोटाशी मांजराचं पिल्लू धरल्यासारखा.

जेवणाच्या सुट्टीत जॉबरपासून झाडूवाल्यापर्यंत
बारा डोकी त्या दोन इंचांवर.
नायना धागे मोजायचं भिंग काचेवर धरायचा:
"बघा, आत उजेडाचा धोटा आहे.
डावीकडनं उजवीकडं, परत डावीकडनं.
सहाशे पंचवीस फेऱ्या मारल्या
की एक चित्र विणून होतं,
आणि विणलं की लगेच उसवतं."
"मग पगार कशावर धरतात त्याचा?"
असं चंद्रय्या कोटानं विचारलं होतं.

सेल दोन तासांत संपायचे.
मग आम्ही ते पत्र्यावर वाळत घालायचो,
सांडग्यांच्या शेजारी.
सोलापुरात ऊन तरी फुकट.
जीव धरून अजून पाव तास चालायचे.

एरियल हातात धरून मी उभी राहायची
पाण्याच्या टाकीकडं तोंड करून.
हललं की मुंग्या.
मला आख्ख्या मॅचमधलं काहीच आठवत नाही,
फक्त बोटांना येणारा तो गार सळईचा वास.

आणि ती संध्याकाळ.
लाईट गेलेली, साखर पेठ सगळी काळी,
घरात उजेड तेवढा त्या काचेचा, निळसर.
आवाजाचं बटण कधीच मेलेलं,
एक इयरफोन होता, तो नायनाच्या कानात.
बातम्या सांगणारी बाई गोल ओठांनी बोलत होती.
नायना ऐकायचा, मग आम्हाला सांगायचा,
नेहमीसारखं, एक वाक्य मागं राहून.
त्या दिवशी तो बराच मागं राहिला.
मग म्हणाला,
"उद्या हवा कोरडी राहणार."

अम्मा म्हणाली, "बरं. छत्री नको मग."

दुसऱ्या दिवशी नळावर मला कळलं,
आमच्या गिरणीला कुलूप लागणार म्हणून.

नायना जाऊन अकरा वर्षं झाली.
त्या शर्टाचं पोछा-फडकं झालं, खिसा तेवढा
शिलाई मशीनच्या खणात सापडला, आत एक फुगलेला सेल.
टीव्हीत नवे घातले.
जुन्या लहरी आता कोणी सोडत नाही म्हणतात,
मुंग्या मात्र आल्या, तशाच, घाईत.
इयरफोन कानात घातला,
लांबून साचाखातं चालू असल्यासारखा आवाज.

अम्मानं विचारलं, "काय म्हणते?"
मी म्हटलं, "उद्या हवा कोरडी."

ती हसली. तोंडात आता चारच दात.
"मी लग्नाआधी सात वर्षं कांडी खात्यात होते.
तिथल्या आवाजात कान कशाला,
आम्ही ओठच वाचायचो, पोरी.
त्या बाईनं गिरणीचं नाव दोनदा घेतलं होतं."

मग एवढी वर्षं
तू नायनाला का नाही

ती परत सुपाकडं वळली.
सुपात तंबाखू नाही हल्ली, शेंगा असतात फोडायला.
"सेल काढून ठेव," म्हणाली,
"आतनं गंज धरतो."