दोन टॉवर

बेकिनकेऱ्याच्या माळावर
फोन दोन राज्यांत राहतो.
खळ्यात उभं राहिलं की कन्नडातली बाई बोलते,
बांधावर चढलं की चंदगडचा टॉवर
'स्वागत आहे' म्हणतो.
भरमव्वा दोघांनाही 'हूं' म्हणते
आणि रताळी निवडत राहते.

टिळकवाडीच्या कुणा डॉक्टरीणबाईंनी
पाच किलो मागवली, घरपोच.
लिहिलं होतं : माती नको.
नातवानं रताळी धुतली, पुसली,
फोटोसाठी केळीच्या पानावर निजवली,
आणि दुधाच्या टेम्पोतनं धाडली.

तिकडं स्कॅन झालं म्हणे.
इकडं बोलका डबा गप्प.
नातू डबा उचलून बांधावर धावला,
तिथनं आंब्याखाली,
तिथनं परत खळ्यात,
कोंबडी धरून फिरावं तसा.

मग डबा एकदम ओरडला : इन्नूर रुपाय!
भरमव्वाला आकडे कन्नडातच कळतात,
चाळीस वर्षं बाजारात तेच ऐकलेले.
शिव्या तेवढ्या मराठीत.
सवयीनं तिनं हात पुढं केला,
रिकामा हात पदराला पुसला.

सांजेला निरोप आला :
'गोड आहेत, पण मातीचा वास नाही.'
भरमव्वा म्हणाली,
'लिही की रे, माती हाय.
तिचं येगळं लावूया.'