ओळंबा

बाबा, हलू नका. श्वास धरा.
काचेआडून म्हणाले मी,
जसं रोज कुणाकुणाला म्हणते
समुद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात.
"धरला नं व," ते म्हणाले,
आणि म्हणताना सोडून दिला.
पहिली फिल्म वाया.

या खोलीच्या भिंती त्यांच्याच हातच्या.
चौदा इंची. "एवढी जाड कायले?"
विचारलं होतं त्यांनी ओव्हरसियरला.
किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून.
घरी येऊन हसले होते जेवताना:
आजवर पाणी अडवलं, डुकरं अडवली,
उजेड अडवायची मजुरी
पहिल्यांदाच मिळाली.

दुसरी फिल्म नीट आली.
चौथ्या-पाचव्या मणक्यामधली फट
बोटभर असायला हवी,
होती सुतळीएवढी.
गादी थोडी मागे सरकलेली,
जुनं कुड जसं पोट काढतं तशी.

ठवरे डॉक्टरांनी फिल्मवर पट्टी ठेवली,
मानेच्या शेवटच्या मणक्यापासून
पेन्सिलीची रेघ, सरळ खाली.
बाबा खुर्चीतून अर्धे उठले.
"हा तं ओळंबा हाये, साहेब!"
हो, ओळंबाच, मिस्त्री.
आणि तुमचा पडतो कमरेच्या पुढं.

मग दोघंही त्या कागदावर वाकले,
मी दारातच उभी, पुढच्या पेशंटची चिठ्ठी हातात.
डॉक्टर सांगत होते:
कमरेच्या हाडाला एक उतार असतो, ज्याचा त्याचा,
वाढ संपली की तोच कायम.
त्या उताराला साजेसा बाक पाठीला लागतो.
बाक सपाट झाला की धड पुढं जातं,
मग कंबर मागं कलंडून घेते,
गुडघे जरासे मुडपतात,
कारण माणसाला समोर बघायचं असतं.

बाबा गप्प.
चाळीस वर्षं घमेलं, विटा, पहाडाच्या बल्ल्या,
सगळं आठवत असतील असं मला वाटलं.
पण त्यांनी विचारलं भलतंच:
"पहिले पाया कलला का पहिले गादी बसली?"
डॉक्टरांनी चष्मा काढला.
"ते मलाही सांगता नाही येणार.
दोघं एकमेकांना ओढत नेतात."

हे उत्तर त्यांना पटलं.
कन्हारीत घरं बांधणाऱ्याला पटणारच.
पावसात फुगते ती, उन्हाळ्यात
मनगट जाईल एवढी भेगाळते,
आणि लोक भिंतीवर सिमेंट थापत राहतात.
उरकुडा मिस्त्री एकटाच म्हणायचा,
भिंतीले बोल लावू नका,
मुरूम लागेस्तोवर खणा.

आता कुठं खणणार?

गोळ्या, पट्टा, सकाळचे तीन व्यायाम,
ओझं नाही.
बसमध्ये त्यांनी फिल्मचं पाकीट
मांडीवर आडवं धरलं होतं,
नव्या खिडकीची काच आणावी तसं.

रात्री जेवणं झाल्यावर पिशवी काढली.
थापी, गुण्या, लेव्हलची नळी,
तळाशी पितळी ओळंबा, दोरा काळा पडलेला.
"धर मानेपाशी."
म्हणून स्टुलावर चढले मी,
दोरा त्यांच्या खांद्याशेजारून सोडला.
वजन झुलत राहिलं.
मी घाईनं वाकले बघायला.
"थांब व. झुलू दे.
तो आपल्या वक्तावर बोलते."

थांबला तेव्हा
कमरेच्या पुढं चार बोटं.
मी मोजली. दोनदा मोजली.
सांगायचं कसं याची जुळवाजुळव करत होते,
तर ते खाली बघतच नव्हते.
मुडपल्या गुडघ्यांवर उभे राहून
समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"क्यालेंडर वाकडं हाये," म्हणाले.

मी उतरले. दोरा लावून पाहिला.
होतं. सुताभर.