अठ्ठेचाळीस पॉइंट

वाल्दिव्हियात, नदीकाठच्या विद्यापीठात,
सायकलस्टँडमागच्या एका खोलीतून आमचा पेपर निघतो.
तीन संगणक, एक लाकडाची शेगडी,
आणि भिंतीवर खोक्याचा पुठ्ठा, त्यावर मार्करने:

खरं तेच लिहू.
कुणाच्या पैशासाठी गप्प बसणार नाही.
ज्यांचं कुणी ऐकत नाही, त्यांचं ऐकू.

मार्चमध्ये, सत्र सुरू झालं त्या रात्री
माइतेने हे लिहिलं, आम्ही सात जणांनी खाली सह्या ठोकल्या.
सह्या करायला वेळ लागला नाही.

जूनच्या अंकात, पान सहा:
मेसच्या शिंपल्यांनी बत्तीस जण आजारी.
बातमी माझी.
मी डॉक्टरांशी बोललो, एका आजारी मुलाशी बोललो,
कुलसचिवांच्या माणसाशी तर दोनदा.
स्वयंपाकिणीचं नाव छापलं. तिला विचारलं नाही.
रात्रीचे दोन वाजले होते, असं मी नंतर सगळ्यांना सांगत होतो.
साडेअकरा वाजले होते.

ती आली तेव्हा अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत होता,
चार घड्या घालून, औषधाच्या चिठ्ठीसारखा.
ओला कोट काढला नाही, बसली नाही.
"शिंपले त्या दिवशी नव्हतेच. मसुराचं सूप होतं.
पाण्याची टाकी बघा."
मग जाता जाता, दारातून,
"आणि माझं आडनाव न्यांकुपिल. पहिल्या अक्षरावर नागमोड असते.
ती काढली की ते कुणाचंच नाव राहत नाही."

आम्ही टाकी बघितली.
झाकण नव्हतं. आत एक मेलेला पक्षी होता,
आणि टाकीवर त्याच कंपनीचं नाव
जिची जाहिरात आमच्या शेवटच्या पानावर असायची.

बाल्तासार म्हणाला, "पान दोन, खालचा कोपरा.
दुरुस्ती सगळे तिथेच छापतात."
माइतेने टेबलावरची पट्टी उचलली,
जुन्या मथळ्यावर ठेवली, मोजलं.
"अठ्ठेचाळीस पॉइंटात चूक केलीये," ती म्हणाली,
"मग माफीही अठ्ठेचाळीस पॉइंटात. पहिल्या पानावर."
जाहिरात गेली. छपाईचं बिल आम्ही वाटून घेतलं.
बाल्तासारने त्याचा वाटा अजून दिलेला नाही.

गठ्ठे आले, सुतळी कापली,
आणि मी खालीच बसलो.
मथळ्याच्या त्या जाड टाइपात नागमोडच नव्हती.
पुन्हा तेच. माफीतसुद्धा.

सहाशे प्रती. सात पेनं.
शेगडीतली लाकडं संपली, कुणी कोट घातले,
आणि पहाटेपर्यंत आम्ही
एका बाईच्या नावावर हाताने लाट काढत होतो.
पहिल्या शंभर वाकड्या आल्या.
नंतर हात बसला.

सकाळी मासळीबाजारात समुद्रसिंह पायऱ्यांवर लोळत होते,
एका कोळ्याने आमचा अंक घेतला आणि त्यात बांगड्याएवढा मासा गुंडाळला.
मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.
चला, निदान स्वयंपाकघरात तरी पोचेल.

दोन्या एदेलमिराने वीस प्रती मागितल्या.
वाटलं, जपून ठेवायला.
"नाही," ती म्हणाली,
"मागचा अंक ज्यांनी वाचला
त्यांची दारं मला माहीत आहेत.
तू चल. बेल तू वाजवायची."

पहिलं दार हिरवं, पत्र्याचं.
चष्मा कपाळावर चढवलेला एक म्हातारा.
त्याने उभ्यानेच मथळा वाचला, मग तिच्याकडे पाहिलं,
"मला तर आधीच ठाऊक होतं!"

ती काही बोलली नाही.
गल्लीत अजून एकोणीस दारं होती.
मी पेपर कोटाच्या आत धरले
आणि पुढच्या बेलवर बोट ठेवलं.