सहा फुटांचा करार

टेकडी कंपनीने दिली, फुकट.
नुसता खडक आणि उतार, बकऱ्याही टिकत नव्हत्या.
कागद हॅरिसबर्गच्या कचेरीत नोंदवला.
त्यातली एक ओळ वेल्श पाद्र्याने वाचली नसावी,
किंवा वाचून तो गप्प बसला असावा:
जमीन मेलेल्यांची, सहा फुटांपर्यंत.
त्याखाली जे निघेल ते कंपनीचं.

पहिला पुरला तो ग्विलिम प्रॉसर, सुरुंगवाला.
मग आयरिश आले, त्यांनी मधे कुंपण मागितलं.
मग स्लोव्हाक. त्यांच्या वाट्याला उतार,
पावसात माती पडेपर्यंत
शवपेटी हातांनी धरून ठेवावी लागे.
दगड परवडत नसे, म्हणून लोहार झुंटाने
जुन्या रुळांचे क्रूस करून दिले.
ते गंजलेत, पण ताठ आहेत.
संगमरवर मात्र कलला.

नोंदवही आता माझ्याकडे असते.
मरणाच्या कारणाचा रकाना अरुंद,
लिहिणारा एकाच शब्दात उरकायचा:
छत. छत. वायू. खेचर. छत.
मिकोलास, वय नऊ: पट्टा.
आणि एका पानावर, बावीस नावांपुढे,
वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे.

सव्वीस साली थर सापडला
तो नेमका टेकडीच्या पोटात.
ओन्द्रेय ह्रिंकोला तिथे लावलं.
डबा खाताना तो दिवा वर धरायचा,
अंदाज घ्यायचा, इथे बाप असेल
की बापाशेजारचा तो पोलिश शिंपी.
एक खांब त्याने जरा जाड ठेवला.
मुकादमाने मापला, बोलला काहीच नाही,
पुढच्या महिन्यात दुसऱ्याकडून कापून घेतला.

मार्चमध्ये, बर्फ वितळताना, चौथी ओळ खाली गेली.
अकरा जण.
आवाज झाला नाही म्हणतात,
सुझाना ह्रिंकोच्या फळीवरच्या बश्या तेवढ्या किणकिणल्या.
ओन्द्रेयने सूप संपवलं. म्हणाला,
"म्हातारा पाळीवर गेला."

कंपनीने राख ओतून खड्डा भरला
आणि राखेचं बिल चर्चला पाठवलं.

आता खाण बंद, शाळा बंद.
दर शनिवारी मी गवत कापतो.
फाटकाची किल्ली आहे, फाटक नाही.
चौथ्या ओळीत बर्फ धरत नाही,
खाली काय धुमसतंय ते पाहायला
कोणी आलेलं नाही अजून.
हिवाळ्यात हरणं तिथेच येऊन बसतात.

माझी जागा मी तिथेच, कडेला, घेऊन ठेवलीय.
बायको म्हणाली, दुसरीकडे काय जागा नव्हती?
म्हटलं, पाय गरम राहतील.